लॅटिन भाषेच्या परसांतील भाजीपाला

ज्या भाषेंत आपल्या वाडवडिलांनीं पिढ्यान्‌पिढ्या मिस्सा ऐकली, ती लॅटिन भाषा आपणांपैकीं बहुतेकांस केवळ वेदीची भाषा म्हणून ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें इ. स. १९६३ मध्यें उपासनेस देशी भाषांचें द्वार उघडून दिलें आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तिचा नाद आपल्या देवळांतून बहुतांशीं लोपला. वृद्ध मंडळींच्या स्मरणांत ती धूप, घंटा व मेणबत्त्या यांच्या संगतीनें वास करते. तरुणांस ती एखाद्या जुन्या थडग्यावरील लेखासारखी वाटते. परंतु तिचा जन्म कांहीं वेदीपाशीं झालेला नाहीं. ती मूळची कुणब्यांची भाषा. इटलींतील लॅटियम प्रांतांत कांदे, कोबी व कडधान्यें पिकविणाऱ्या लोकांच्या तोंडीं ती वाढली, आणि राजसभेंत व देवळांत ती गेली तेव्हांही आपल्या पायांची माती तिनें पुरती झटकली नाहीं. ह्या स्मरणिकेच्या वाचकांत ज्यांच्या हातांस वाडीची माती लागली आहे असे पुष्कळजण असतील. म्हणून प्रस्तुत लेखांत लॅटिनच्या देवघराकडे न जातां आपण तिच्या परसाकडे जाऊं. देवघराची वाट पुढें तेथूनच लागते, हें वाचकांस दिसून येईल.

रोमन लोक भाजीपाल्यास 'होलुस' म्हणत, बागेस 'हॉर्तुस' म्हणत आणि भाजी पिकविणाऱ्या माळ्यास 'होलितोर' म्हणत. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकांत मरण पावलेला थोरला प्लिनी हा मोठा बहुश्रुत ग्रंथकार होऊन गेला. त्यानें आपल्या निसर्गेतिहासाचा १९ वा भाग बराचसा बागाइतीस वाहिला आहे. तो सांगतो कीं, रोमच्या सर्वांत जुन्या कायद्यांत, म्हणजे बारा पट्टिकांत, शेतावरील वाड्यास 'व्हिला' हा शब्द कोठेंच आलेला नाहीं. तेथें त्या अर्थीं 'हॉर्तुस' हाच शब्द आहे. गरिबाचें शेत म्हणजे त्याची परसबाग आणि त्याचा बाजारही तीच, असें त्याचें म्हणणें. घरामागची बाग उजाड दिसली कीं त्या घरची गृहिणी आळशी, असेंही जुने रोमन समजत, हें तो नमूद करतो. आपल्याकडील सासवांस हें मत नवें वाटणार नाहीं.

रोममधील मोठमोठीं कुळें आपलीं नांवें ह्याच परसांतून घेऊन आलीं. 'फाबा' म्हणजे वालासारखें एक मोठें कडधान्य. त्यावरून फाबियस हें कुलनाम. 'लेन्स' म्हणजे मसूर, त्यावरून लेन्तुलुस. आणि 'किकेर' म्हणजे हरभरा. ह्याच शब्दाचा चर्चमधील उच्चार 'चिचेर' असा होतो. त्यावरून जें आडनांव पडलें तें जगप्रसिद्ध वक्ता सिसेरो याचें. ज्या घराण्यानें जें कडधान्य उत्तम पिकविलें त्याचें नांव त्यास मिळालें, असें प्लिनीचें मत आहे. प्लूटार्क निराळेंच कारण सांगतो: सिसेरोच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खांच होती म्हणे! मित्रांनीं त्यास हें हास्यास्पद नांव टाकण्याचा सल्ला दिला, पण त्यानें तो मानला नाहीं. उलट सिसिलींत अधिकारी असतांना त्यानें देवास एक रुप्याचें पात्र वाहिलें, त्यावर आपलीं पहिलीं दोन नांवें कोरविलीं आणि तिसऱ्याच्या जागीं हरभऱ्याचा दाणा काढविला. आपल्यांतही पडवळ व भोपळे हीं आडनांवें मानानें मिरवलीं जातातच.

ह्या भाजीपाल्याच्या नांवांत पाहणाऱ्याची दृष्टि किती साधी व किती नेमकी होती, हें पाहून कौतुक वाटतें. ज्या पालेभाजीचा देठ मोडतांच दुधासारखा चीक येतो, ती 'लाक्तूका'. कारण 'लाक' म्हणजे दूध. हीच आजची लेट्यूस. बडीशेपेचीं बारीक पानें वाळल्या गवतासारखीं दिसतात व तसाच त्यांस गोड वास येतो, म्हणून गवतास जो 'फेनुम' शब्द त्याचें लाडकें रूप करून 'फेनिकुलुम' हें नांव तिला दिलें. जी वनस्पति प्रकृतीस आराम देते ती 'साल्व्हिया'. तारण व आरोग्य ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दांचें मूळ तेंच हिचें मूळ. जो कांदा जमिनींत एकटाच वाढतो, ज्यास बाजूनें पिलें फुटत नाहींत, त्यास खेडूत लोक 'ऊनियो' म्हणत, असें कोलुमेला हा कृषिग्रंथकार सांगतो. मोठ्या एकाकी मोत्यासही लॅटिनमध्यें हाच शब्द आहे. इंग्रजी व फ्रेंच भाषांनीं मोती सोडून दिला आणि कांदा तेवढा ठेवला. आणि मुळा? शुद्ध लॅटिनांत त्यास ग्रीकांकडून घेतलेलें 'राफानुस' हें नांव होतें, परंतु लोकांच्या तोंडीं 'रादिक्स' म्हणजे नुसतें 'मूळ' हाच शब्द बसला. आपणही 'मूळ' यावरूनच 'मुळा' म्हणतों. दोन दूरदूरच्या देशांतील कुणब्यांनीं एकमेकांस न विचारतां एकच विचार केला.

सारीच नांवें घरचीं होतीं असें मात्र नव्हे. 'कुमिनुम' म्हणजे जिरें, हा शब्द सेमिटिक लोकांकडून ग्रीसमार्गें आला. 'कोरियान्द्रुम' म्हणजे धने. हा ग्रीक शब्द तर इतका पुरातन आहे कीं, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं ग्रीसमधील राजवाड्यांच्या हिशेबनिसांनीं मातीच्या विटांवर जे जमाखर्च लिहिले त्यांत तो सांपडतो. पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरील अस्कलोन शहराहून जे बारीक कांदे येत ते 'अस्कालोनिया' झाले. आपली मेथी रोमन लोकांस ग्रीसकडून मिळाली. म्हणून तिला त्यांनीं 'फेनुम ग्रेकुम' म्हणजे 'ग्रीक गवत' म्हटलें, आणि शास्त्रीय नांवांत तें बिरूद ती अजून वागवीत आहे. मेथीच्या भाजीस गवत म्हणणें आपल्या गृहिणींस रुचणार नाहीं, पण रोमन लोक तिचा उपयोग पुष्कळसा गुरांच्या वैरणीसाठीं करीत. उलट आपल्या देशाचें देणेंही ह्या परसास पोंचलें होतें. 'पिपेर' म्हणजे मिरी, हा आपला 'पिप्पली'. 'झिंगिबेर' म्हणजे आलें, तें आपलें 'शृंगवेर'. प्लिनीच्या काळीं काळी मिरी पौंडास ४ दिनार, पांढरी ७ दिनार आणि लांब पिंपळी १५ दिनार ह्या दरानें विकली जाई. एवढा पैसा नुसत्या तिखटपणासाठीं परदेशीं जावा, ह्याचा त्यास मोठा संताप होता.

असें हें परस. आतां तेथून देवळांत जाऊं.

इ. स. ३८२ मध्यें पोप संत दमासस यांनीं संत जेरोम यांस लॅटिन शुभवर्तमानें सुधारण्याचें काम दिलें. पुढें बेथलेहेम येथें राहून जेरोम यांनीं जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्यें उतरविला. हेंच भाषांतर कालांतरानें 'वुल्गाता' म्हणून सर्व पश्चिम चर्चमध्यें रूढ झालें. त्यांत परसांतले हे शब्द ठायीं ठायीं विखुरले आहेत. रानांत भटकणाऱ्या इस्राएल लोकांस मिसर देशांतील ज्या भाज्यांची आठवण येऊन रडूं आलें त्या काकड्या, खरबुजें, कांद्याची पात, कांदे व लसूण. परूशी लोक ज्यांचा दशमांश काटेकोरपणें भरीत तो पुदिना, शेपू व जिरें. प्रभूच्या दृष्टान्तांतील मोहरीचा दाणा: हीं सारीं त्याच जुन्या कुणबाऊ नांवांनीं तेथें आलीं आहेत. अहाब राजास नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता तो कशासाठीं? तर भाजीचा मळा करण्यासाठीं. तेथेंही 'हॉर्तुस' व 'होलुस' हेच शब्द. आणि पुनरुत्थानाच्या प्रभातीं मग्दालिया मरीयेनें प्रभूस ओळखलें नाहीं, तो बागेचा माळी असावा असें तिला वाटलें, त्या ठिकाणीं 'हॉर्तुलानुस' हा शब्द आहे. रविवारच्या मोठ्या मिस्सेपूर्वीं तीर्थ शिंपडतांना जें लॅटिन स्तोत्र म्हणत त्यांत 'हिस्सोपुस' ह्या वनस्पतीचें नांव येतें, तें जुन्या मंडळींस आठवत असेल. ती यूरोपांतील त्या नांवाची वनस्पति नसून पॅलेस्टाईनमध्यें खडकांत उगवणारी ओव्याच्या वासाची एक झुडुपी असावी, असा पुष्कळ अभ्यासकांचा अभिप्राय आहे. वस्तु एक आणि नांव दुसरीचें, असा घोटाळा भाषांतरांत नेहमीं होतो. तसला एक घोटाळा एवढा पेटला कीं, दोन महान् संतांत त्यावरून पत्रव्यवहार झाला.

योना संदेष्टा निनवे शहराबाहेर उन्हांत बसला असतां देवानें त्याच्या डोक्यावर सावली व्हावी म्हणून एक झाड एका रात्रींत उगविलें, आणि दुसऱ्या दिवशीं किड्यानें तें मारलें, ही कथा सर्वांस माहीत आहे. हिब्रूंत त्या झाडास 'किकायोन' म्हटलें आहे. सत्तर शास्त्र्यांच्या प्राचीन ग्रीक भाषांतरांत तेथें भोपळा आला, आणि त्यावरून झालेल्या जुन्या लॅटिन भाषांतरांतही 'कुकुर्बिता', म्हणजे भोपळाच आला. हा भोपळा म्हणजे आपला लाल भोपळा नव्हे. तो अमेरिकेंतला असून कोलंबसाच्या पूर्वीं यूरोप, आशिया किंवा आफ्रिका यांनीं पाहिलाही नव्हता. हा लांबट दुध्या. ख्रिस्ती लोकांनीं हा प्रसंग फार प्रेमानें जपला होता. रोमच्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर योना मांडवाखालीं निजला आहे व वर दुधी लोंबत आहेत, अशीं चित्रें आहेत. मृत्यूनंतरच्या विसाव्याची व पुनरुत्थानाच्या आशेची ती खूण होती. उत्तर इटलींत आक्विलेया येथें बिशप थिओडोर यांनीं चौथ्या शतकाच्या आरंभीं बांधलेल्या देवळाच्या फरशीवर रंगीत खड्यांनीं हेंच चित्र काढलेलें आजही पाहावयास मिळतें.

संत जेरोम यांनीं भोपळा काढला आणि त्याच्या जागीं 'हेदेरा' म्हणजे आयव्ही नांवाची भिंतीवर चढणारी वेल घातली.

इ. स. ४०३ मध्यें हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनीं जेरोम यांस एक पत्र लिहिलें. त्यांत ते कळवितात कीं, आफ्रिकेंतील ओएया नगरांत (हेंच आजचें लिबियांतील त्रिपोली) एका बिशपांनीं आपलें नवें भाषांतर देवळांत वाचावयास घेतलें. योनाच्या पुस्तकांत एके ठिकाणीं असा शब्द आला कीं, जो सर्वांच्या कानांस व स्मृतीस पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या शब्दाहून अगदीं भिन्न होता. लोकांत, विशेषतः ग्रीकांत, एकच गलका उडाला. पाठ खोटा आहे असा ओरडा झाला. बिशपांस नगरांतील यहुदी लोकांस विचारणें भाग पडलें. त्यांनीं, अज्ञानानें म्हणा वा द्वेषानें म्हणा, सांगितलें कीं हिब्रूंत जुन्या ग्रीक व लॅटिन पुस्तकांप्रमाणेंच आहे. शेवटीं, आपल्यापाशीं एकही माणूस उरणार नाहीं अशी वेळ आली तेव्हां बिशपांनीं तो शब्द चूक ठरवून दुरुस्त केला.

जेरोम यांचें उत्तर पुढील वर्षीं गेलें, आणि तें त्यांच्या स्वभावास साजेसेंच होतें. तो शब्द कोणता हें तुम्हीं सांगत नाहीं व त्यामुळें मला बचाव करण्याची संधीही देत नाहीं, अशी त्यांनीं प्रथम तक्रार केली. पण तो भोपळ्याचाच असला पाहिजे हें त्यांनीं ताडलें, कारण रोममध्येंही एकानें ह्याच शब्दावरून त्यांच्यावर धर्मद्रोहाचा आरोप पूर्वीं केला होता. मग ते आपली अडचण सांगतात. किकायोन हें पॅलेस्टाईनमध्यें जागोजाग उगवणारें झुडूप आहे. पानें द्राक्षाच्या पानांसारखीं रुंद, सावली दाट, आणि तें भोपळ्याप्रमाणें किंवा वेलीप्रमाणें आधार न मागतां आपल्या बुंध्यावर उभें राहतें. शब्द तसाच ठेवला असता तर तो कोणासच कळला नसता. भोपळा म्हटलें असतें तर हिब्रूंत नसलेली गोष्ट लिहिल्याचें पाप लागलें असतें. म्हणून पूर्वींच्या इतर भाषांतरकारांस अनुसरून वेल घातली. आणि तुमच्या त्या यहुद्यांस हिब्रू येत नसावें, नाहीं तर त्यांनीं ह्या 'भोपळेवाल्यांची' थट्टा करण्यासाठीं मुद्दाम खोटें सांगितलें असावें, असा शेवटचा टोलाही त्यांनीं हाणला आहे.

जेरोम यांचा एके काळचा जिवलग मित्र व पुढें हाडवैरी झालेला रुफिनुस, ह्यानें तर त्याआधींच उपरोधानें लिहिलें होतें कीं, आतां जुन्या थडग्यांवर एक सूचना लिहून ठेवावी, म्हणजे तेथें निजलेल्यांसही कळेल कीं योना भोपळ्याखालीं नव्हे तर वेलीखालीं झोंपला होता. हे दोघे तरुणपणीं आक्विलेयांत एकत्र होते. ज्या देवळाच्या फरशीवर दुध्याच्या मांडवाखालीं योना निजला आहे, त्याच नगरांत रुफिनुसचा बाप्तिस्मा झाला होता. हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या थट्टेमागील दुःखही थोडें कळतें.

वाचकहो, हा वाद भोपळ्याचा होता काय? ज्या लोकांनीं आपल्या आईबापांच्या थडग्यावर दुध्याची वेल काढविली, त्यांस तो शब्द बदलणें म्हणजे थडग्यावरील चित्र पुसण्यासारखें वाटलें. जेरोम यांचें म्हणणें असें कीं, देवाचें वचन जसें लिहिलें आहे तसेंच दिलें पाहिजे, लोकांस तें गोड लागो वा न लागो. ऑगस्टीन यांनीं पुढच्या पत्रांत नम्रपणें पण ठामपणें लिहिलें कीं, हिब्रूंत भोपळाही नाहीं व वेलही नाहीं, तिसरेंच झाड आहे असें जर असेल, तर आपली पसंती लॅटिन पुस्तकांत भोपळाच राहण्यास आहे; सत्तर शास्त्र्यांनीं तो उगीच घातला नसेल. प्रस्तुत लेखकाचें मत विचाराल, तर झाडाच्या बाबतींत जेरोम यांचें ज्ञान खरें होतें आणि माणसांच्या बाबतींत ऑगस्टीन यांचें. गेल्या शतकांत आपल्या देवळांत लॅटिन जाऊन मराठी आली तेव्हां ज्यांच्या मनास लागलें, त्यांस केवळ हटवादी म्हणून मोकळें होणाऱ्यांनीं ओएयाच्या त्या मंडळीची आठवण ठेवावी. आणि जुनें तेवढेंच खरें म्हणणाऱ्यांनीं बेथलेहेमच्या त्या रागीट अभ्यासकाची.

गंमत अशी कीं, जेरोम यांनीं वर्णिलेलें झुडूप कोणतें हें ओळखणें आपल्या खेड्यांतील मुलासही कठीण नाहीं. रुंद बोटदार पानें, भराभर वाढ, रेताड जमीन, स्वतःचा बुंधा: हा एरंड! आपल्या टीकाग्रंथांत जेरोम यांनीं त्याचें जें सिरियन व प्यूनिक नांव दिलें आहे तेंही एरंडाचेंच आहे. ह्या झाडास लॅटिनमध्यें नांवच नाहीं, असें ते म्हणतात. परंतु प्लिनीच्या ग्रंथांत तें होतें. मिसर देशांत 'किकि' नांवाचें झाड फार होतें व त्याच्या बियांचें तेल काढतात. त्या बिया गोचिडासारख्या दिसतात म्हणून आमचे लोक त्यास 'रिकिनुस' म्हणजे गोचीड म्हणतात, असें तो लिहितो. तो एक शब्द हातीं लागता तर ओएयाचा दंगा टळला असता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. भोपळ्याच्या जागीं गोचीड ऐकून लोक अधिकच भडकले असते. 'उजाड गांवीं एरंड बळी' अशी आपली म्हण आहे, पण निनवेबाहेरच्या त्या उजाड जागीं एरंड आला तो देवाच्या आज्ञेनें आला, आणि वुल्गातेंत तरी त्याचें नांव लागलें नाहीं. हजाराहून अधिक वर्षें पश्चिमेकडील चर्चनें तेथें वेलच वाचली. आल्ब्रेख्त ड्यूरर ह्या जर्मन चित्रकारानें इ. स. १५१४ मध्यें आपल्या अभ्यासिकेंत लिहीत बसलेल्या संत जेरोम यांचें जें प्रसिद्ध कोरीव चित्र काढलें, त्यांत छतास एक भलामोठा भोपळा टांगलेला आहे. तो ह्याच वादाची आठवण आहे, असें कांहीं अभ्यासक मानतात.

रोमचें साम्राज्य मोडलें, तरी परसांतले शब्द मठांनीं संभाळले. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलींत पाणी, जातें व बाग हीं मठाच्या आवारांतच असावींत असें सांगितलें आहे. भाजी पिकविणें हें तेथें प्रार्थनेइतकें नाहीं तरी प्रार्थनेला लागूनच होतें. इ. स. ८२० ते ८३० च्या सुमारास राइखेनाऊ बेटावरील मठांत एका आदर्श मठाचा नकाशा काढण्यांत आला व तो स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलचे मठाधिपति गोझबर्ट यांस पाठविला गेला. पांच कातडीं एकत्र शिवून केलेला हा नकाशा आजही सेंट गॅलच्या ग्रंथालयांत आहे. त्यांत भाजीच्या बागेचे १८ वाफे आंखले आहेत, आणि प्रत्येक वाफ्यांत काय लावावें तें लॅटिनमध्यें लिहिलें आहे: कांदे, पात, धने, शेपू, खसखस, मुळे, बीट, लसूण, अस्कलोनी कांदे, लेट्यूस, कोबी इत्यादि. मुळ्याच्या वाफ्यांत 'रादिसेस' म्हणजे 'मुळें' असेंच लिहिलें आहे. दवाखान्याजवळ औषधी बाग निराळी, १६ वाफ्यांची. मेथी, जिरें, पुदिना व बडीशेप हीं त्या बागेंत आहेत, भाजीच्या बागेंत नाहींत. 'सातुरेइया' नांवाची एक वासाची पाल्याची जात दोन्हीकडे आहे. लिहिणाऱ्यानें एके ठिकाणीं तिच्या नांवाचे दोन तुकडे करून 'साता रेगिया' असें लिहिलें, म्हणजे 'राजाची पेरणी'! परकी माणसें शब्द कसा आपलासा करतात, त्याचा हा बोलका दाखला.

त्याच्याही थोडें आधीं, इ. स. ८०० च्या सुमारास, शार्लमेन बादशहाच्या दरबारांतून राजाच्या शेतवाड्यांविषयीं एक हुकूम निघाला. त्याच्या शेवटच्या कलमांत प्रत्येक बागेंत लावावयाच्या सत्तरांवर वनस्पतींची यादी आहे. आरंभीं लिली व गुलाब, लगेच पाठोपाठ मेथी. पुढें काकडी, खरबूज, दुधी, जिरें, हरभरा. सौंदर्य व स्वयंपाक यांत बादशहाच्या कारकुनानें भेद केलेला नाहीं.

ह्याच राइखेनाऊ मठाचे अधिपति वालाफ्रिड स्त्राबो यांनीं नवव्या शतकांत आपल्या बागेवर एक लॅटिन काव्य रचलें व तें सेंट गॅलचे मठाधिपति ग्रिमाल्ड यांस अर्पण केलें. त्यांत तेवीस वनस्पतींचें वर्णन आहे, पण आरंभ होतो तो अंगणांत माजलेल्या खाजकुइलीसारख्या झुडपांशीं झुंजण्यापासून. चिखलाच्या हातांनीं केलेलें हें काव्य आहे. रोपांस पाणी घालतांना बीं वाहून जाऊं नये म्हणून तळहातांतून थेंबथेंब सोडणें, हें ज्यानें केलें नाहीं त्यास लिहितां येणार नाहीं. दुध्यावर त्यांनीं सर्वांत रेंगाळून लिहिलें आहे: कोंवळा असतां तव्यांत चरबींत परतून खावा, जून झाला कीं कोरून वाळवून त्यांत दारू ठेवावी. आपल्याकडे त्याच वाळल्या भोपळ्यावर तार चढवून एकतारी करतात, हें ऐकून त्या मठाधिपतींस आनंद झाला असता. ते पुरे चाळीस-एक वर्षांचे होते तेव्हां, इ. स. ८४९ मध्यें, ल्वार नदींत बुडून मरण पावले.

सोळाव्या शतकापासून अमेरिकेंतील फळभाज्या यूरोपांत आल्या आणि जुन्या नांवांची मोठी लूट झाली. इ. स. १७५३ मध्यें लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें वनस्पतींस दोन शब्दांचीं लॅटिन नांवें देण्याची पद्धत घालून दिली. त्याच्या नांवांतून रोमन परस व मठ दोन्ही डोकावतात: 'सातिवुस' म्हणजे पेरून वाढविलेलें, 'ओलेरासेउस' म्हणजे भाजीचें, आणि 'ऑफिसिनालिस' म्हणजे मठाच्या व पुढें औषधविक्याच्या कोठारांतलें. पण 'कुकुर्बिता' हें नांव आतां अमेरिकेच्या लाल भोपळ्याच्या वंशास राहिलें. ज्याचें तें मूळचें, त्या दुध्यास पुढील शतकांत निराळें काढून 'लागेनारिया' म्हणजे 'सुरईवाला' हें नवें नांव देण्यांत आलें. जेरोम व ऑगस्टीन यांनीं ज्याच्यासाठीं शाई आटविली, त्या भोपळ्यास आज त्याच्या नांवानें हांक मारली तर दुसराच 'ओ' देतो.

आपल्या किनाऱ्यास हें लॅटिन दोन वाटांनीं आलें. एक विद्वानांची. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता इ. स. १५३४ मध्यें गोव्यास आला; मुंबई बेट त्यास राजाकडून पट्ट्यानें मिळालें होतें. हिंदुस्थानांतील औषधी व मसाले यांविषयीं त्यानें संवादरूपानें लिहिलेला पोर्तुगीज ग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. क्लूसियस नांवाच्या शास्त्रज्ञानें त्याचा लॅटिन संक्षेप इ. स. १५६७ मध्यें अँटवर्प येथें प्रसिद्ध केला, आणि आपल्याकडील आलें, हळद, हिंग व आंबा यांची कीर्ति त्या लॅटिन पुस्तकाच्या द्वारें सर्व यूरोपांत पसरली. पुढें इ. स. १६७८ ते १६९३ ह्या काळांत अॅम्स्टरडॅम येथें बारा खंडांत निघालेल्या 'हॉर्तुस मालाबारिकुस' ह्या लॅटिन ग्रंथास रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तीन कोंकणी वैद्यांनीं साह्य केलें. मात्तेउस नांवाच्या एका कार्मेलाइट पाद्रीचाही आरंभीच्या कामांत हात होता. त्या पुस्तकाच्या नांवांतला 'हॉर्तुस' तोच, बारा पट्टिकांतला.

दुसरी वाट टोपलींतून आली. लॅटिनमध्यें 'कौलिस' म्हणजे देठ. जुना केटो सर्व भाज्यांत कोबीस श्रेष्ठ मानी आणि बहुतेक रोगांवर तोच सांगे. त्या काळीं तिचें रूढ नांव 'ब्रासिका' असें होतें. पण लोकांनीं देठावरून तिला 'कौलिस' म्हटलें, आणि तें नांव पोर्तुगालांत झिजून 'कोव्ह' झालें. गोवा, वसई व उत्तर कोंकण येथें पोर्तुगीज आले तेव्हां त्यांच्या परसाबरोबर तें आलें व मराठींत 'कोबी' झालें. उत्तरेकडे डच लोकांनीं त्याच शब्दाचा 'कोल' केला. त्यांच्या 'क्नोल-कोल'पासून म्हणजे 'गड्ड्याच्या कोबी'पासून आपला 'नवलकोल' आला, आणि त्यांत 'नवल' हा मराठी शब्द आपण होऊन शिरला. तिसऱ्यांदा तो इंग्रजांच्या बरोबर 'कॉलीफ्लॉवर' होऊन आला. वसईच्या वाडींतून मुंबईच्या बाजारांत भाजी नेणाऱ्या बायकांच्या पाटींत हीं तीन भावंडें शेजारीं शेजारीं बसत आलीं आहेत. बाजारांत मात्र त्या तिसऱ्याचा 'कॉली' हा अर्धा भाग गळून पडला व लोक नुसतें 'फ्लॉवर' म्हणूं लागले. आतां हा 'फ्लॉवर' तरी कोठला? फुलास लॅटिनमध्यें 'फ्लोस' म्हणतात. फ्रेंचांच्या हातून इंग्रजांकडे आलेला तो तोच शब्द होय.